चौथ्या मजल्याचा निळा लेप

१

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींच्या बाथरूमचं छत सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पडलं. वेळ इतकी नेमकी मला माहीत आहे, कारण मावशींनी ती डायरीत लिहून ठेवली होती. टॉवेल विसरला म्हणून त्या दहा वाजून तीन मिनिटांनी बाहेर आल्या होत्या. हे त्यांनी मला फोनवर दोनदा सांगितलं.

मी पोचले तेव्हा प्लास्टरचा ताटाएवढा तुकडा बादलीत पडलेला होता आणि वरचा स्लॅब ओलाकच्च दिसत होता. सेक्रेटरी दारातच उभे होते. मी चपला काढायच्या आत त्यांनी निकाल देऊन टाकला. वरचं बाथरूम तीन महिन्यांपूर्वीच नवीन केलंय, मिस्त्रीने लेपात पाणी घालून तो पातळ केला, वाचलेले डबे दुसरीकडे वापरले, बस्स. रविवारच्या मीटिंगमध्ये त्याला काढून टाकायचं. इमारतीतली चोवीसपैकी सहाच बाथरूमं झाली होती, अठरा बाकी होती.

त्या दिवशी गुरुवार होता.

माझं काम गळती शोधण्याचं. कुठल्या बाथरूमला कुठल्या पद्धतीचं वॉटरप्रूफिंग करायचं ते मी ठरवते आणि काम झालं की तपासून सही करते. लोक तोंडावर मॅडम म्हणतात, पाठीमागे लिकेजबाई. या इमारतीसाठी माझ्यापुढे दोन पद्धती होत्या. एक, रबरासारखी तयार चादर चिकटवायची आणि त्याच दिवशी वर टाइल बसवायची. दुसरी, ब्रशने लावायचा लेप. आधी राखाडी हात, दुसऱ्या दिवशी निळा हात, मग दोन दिवस वाळू द्यायचं, मग पूर्ण एक दिवस पाणी भरून ठेवायचं आणि थेंबही उतरला नाही तरच टाइल. चादरीला कोपऱ्यात जोड येतात आणि मला जोड आवडत नाहीत. मी लेप निवडला. तोडफोड झाल्यावर लेपासाठी बाथरूम पाच दिवस बंद ठेवावं, असं पत्रक घरोघरी वाटलं.

मिस्त्री माझ्याबरोबर एकोणीस वर्षं काम करतोय. या माणसाने कधी एक ब्रश कमी मारलेला मी पाहिला नव्हता. त्याला फोन करून सांगितलं की तुझ्यावर चोरीचा आळ आलाय, उरलेली अठरा बाथरूमं हातची जातील, नाव जाईल ते वेगळंच, ताबडतोब ये आणि बोल. तो आला. जिन्यात उभा राहिला, हातातली टोपी दोनदा झटकली.

"ताई, माझी चूक लिहा आणि विषय संपवा," तो म्हणाला.

निर्दोष माणूस असं बोलत नाही. चोरही असं बोलत नाही. माझं डोकं फिरलं.

२

गळतीच्या बाबतीत आधी नळावर संशय घ्यायचा, हा नियम आहे. नळवाल्याला बोलावलं. तो बोलण्यात भारी पटाईत. त्याने येता येताच सांगून टाकलं की आपले पाइप सोन्यासारखे, बघायचं तर मिस्त्रीच्या टाइलांखाली बघा. मी त्याला पाइप बंद करून दाब भरायला लावला आणि दोन तास दाबमापकाच्या काट्यासमोर स्टूल टाकून बसले. काटा केसभरही हलला नाही. नळवाला सुटला. जाताना त्याने मला "सांगितलं होतं" अशा नजरेने पाहिलं, तेवढं त्याने केलं नसतं तरी चाललं असतं.

मग चौथ्या मजल्यावर गेले. तिथे राहतात घड्याळजी. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता निवृत्त. घरात ते आणि त्यांची बायको. बाई झोपलीय, हळू बोला, असं त्यांनी मला दारातच बजावलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. बाथरूम लख्ख होतं. शॉवरखाली एक प्लास्टिकची खुर्ची, पायांना रबरी टोप्या, भिंतीला धरायला एक दांडा. फिनेलचा वास जरा जास्तच होता. एकच बाथरूम, एकच संडास, दोन्ही त्याच चौकोनात.

मी फरशीवर लाल रंगाचं पाणी ओतलं आणि खाली मावशींकडे जाऊन मान वर करून बसले. तीन तासांनी स्लॅबमधून पहिला थेंब उतरला. तो लाल होता.

म्हणजे पाणी फरशीतूनच उतरत होतं. सेक्रेटरींचा चेहरा असा फुलला की जणू गळती त्यांनीच शोधली. आता फक्त टाइल उचकटून पाहायचं बाकी होतं. खाली लेपाचा एकच हात निघाला असता तर मिस्त्रीची एकोणीस वर्षं त्या एका टाइलबरोबर उपटली गेली असती.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः छिन्नी घेतली. टाइल निघाली. खाली राखाडी हात होता. निळा हातही होता, पुरेसा जाड. फक्त तो जमिनीला नव्हता. तापवलेल्या दुधावरची साय चमच्याला चिकटून यावी तसा तो टाइलच्या पाठीला चिकटून वर आला होता.

३

आता मी खरी वैतागले. माल चोरलेला नव्हता, पातळ केलेला नव्हता, पुरेपूर लावलेला होता, आणि तरीही लागला नव्हता. दुकानदाराने खराब माल दिला म्हणावं तर त्याच खेपेतल्या डब्यांनी बाकी पाच बाथरूमं झाली होती आणि तिथे थेंब नाही. समोरच्याच घरात तर त्याच्या आदल्या आठवड्यात संपलेलं काम ठणठणीत होतं.

सेक्रेटरींना हे सांगितलं, तर ते म्हणाले की मॅडम, तुम्ही आपल्या माणसाला वाचवताय. इमारतभर तोच सूर होता. जिन्यात एका गृहस्थाने मला विचारलं, टक्केवारी किती असते. त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खाली गाडीत बसून मी फाइल काढली. पाणी भरून ठेवण्याच्या चाचणीचा प्रत्येक बाथरूमचा एक फोटो मिस्त्रीने मला पाठवायचा आणि मी पाहून त्यावर सही करायची, अशी आमची पद्धत. चौथ्या मजल्याचा फोटो व्यवस्थित होता. निळी फरशी, तिच्यावर दोन बोटं पाणी, जाळीत खुपसलेला लाल बूच, भिंतीवर पेन्सिलची रेघ आणि शेजारी लिहिलेला वार, शनिवार. खाली माझी सही. म्हणजे पाणी चोवीस तास टिकलं होतं. मग तीन महिन्यांत असं काय घडलं?

फोटो हातात घेऊन मी पुन्हा वर गेले. घड्याळजी दार उघडायला नाखूश होते, पण उघडलं. बाथरूमच्या दारात उभी राहिले. ज्या जागी उभं राहून मिस्त्रीने फोटो काढला असणार, बरोबर तिथेच. फोटोकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं.

फोटोतली जाळी दाराच्या डाव्या हाताला होती. समोरची जाळी उजव्या हाताला होती.

या इमारतीत समोरासमोरची घरं आरशातल्यासारखी उलटी आहेत, हे नकाशे मी स्वतः पाहिलेले. तो फोटो समोरच्या घराचा होता. या बाथरूममध्ये कधी पाणी भरलंच गेलं नव्हतं. आणि खाली सही माझी होती, डोळे झाकून केलेली.

४

मी मिस्त्रीला फोन लावला. त्याने उचलला नाही.

मग मावशींकडे जाऊन बसले, खरं तर फक्त चहा मिळेल म्हणून. मावशी एकट्या राहतात, शाळेत क्लार्क होत्या. वरच्या घरातून येणारा प्रत्येक आवाज त्या डायरीत टिपतात आणि महिन्याच्या शेवटी त्याची तक्रार सेक्रेटरींना देतात. सगळी इमारत त्यांना हसते. मीही मनातल्या मनात हसत होते. मग एकदम हसू थांबलं, आणि तीन महिन्यांपूर्वीचा तो आठवडा दाखवता का, असं मी विचारलं. आपली डायरी कुणी मागतंय याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी बिस्किटंही काढली.

अक्षर टाइप केल्यासारखं. कामाच्या आधीच्या पानांवर रोज तेच ते: सकाळी नऊ, पाणी, दुपारी तीन, पाणी, संध्याकाळी सात, पाणी, 'काय एवढं धुतात देव जाणे.' दोन वर्षं तेच. काम सुरू झालं त्या शुक्रवारी: हातोडा, दिवसभर, पाणी नाही. शनिवार: हातोडा, पाणी नाही. रविवार: शांतता. सोमवार: 'रंगासारखा वास.' मंगळवार, सकाळी आठ: 'चौथ्यावर समोरच्यांकडे पाहुणे, सात जण, जिन्यात बॅगा.' मंगळवार, दुपारी दीड ते सहा: 'टाइल कापायचं मशीन. डोकं दुखलं.' बुधवार, सकाळी नऊ: 'पाणी.'

मी ते पान तीनदा वाचलं. सोमवारी राखाडी हात, मंगळवारी सकाळी निळा. माझ्या हिशोबाने निळा हात शुक्रवारपर्यंत वाळायला हवा होता आणि शनिवारी पाणी उपसल्यावर टाइल लागायला हवी होती. इथे त्याच दुपारी टाइल बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर कुणीतरी अंघोळ केली. लेप अर्धवट ओला असताना वर टाइल दाबली की तो टाइललाच चिकटणार, दुसरं काय होणार. लेप का धरला नाही ते कळलं. एवढी घाई का झाली ते कळलं नव्हतं.

घाई मिस्त्रीला नव्हती. त्याचं पुढचं काम त्यानंतरच्या सोमवारी होतं, हे मला माहीत होतं. मग घाई कुणाला होती?

दिवसातून तीनदा पाणी. रबरी टोप्यांची खुर्ची. फिनेल. लावून घेतलेलं दार. आणि नेमके मंगळवारी समोर आलेले सात पाहुणे.

मी चहा तसाच ठेवून उठले.

५

घड्याळजींनी आधी काहीच कबूल केलं नाही. मी म्हटलं, मला फक्त एक सांगा, पहिले चार दिवस तुम्ही समोरच्यांचं बाथरूम वापरत होता ना. ते बराच वेळ हातातल्या चष्म्याची काडी उघडमीट करत राहिले. मग आतलं दार उघडलं.

बाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या होत्या. कशावरच ताबा राहिला नव्हता, लघवीवर नाही, कशावरच नाही. दिवसातून तीनदा त्यांना उचलून खुर्चीत बसवून धुवावं लागायचं, आणि ते घड्याळजी एकटे करायचे. इमारतीत कुणालाही माहीत नव्हतं. बाईंनीच त्यांना शपथ घातली होती. मी एकेकाळी या जिन्यातून इस्त्रीची साडी नेसून उतरायचे, तशीच लोकांच्या लक्षात राहू दे, असं त्यांचं म्हणणं. समोरचं जोडपं दिवसभर कामावर, त्यांनी बाथरूमचं काम होईपर्यंत म्हणून किल्ली दिली होती. दुपारी एकदा गुपचूप नेऊन आणायचं आणि बाकी दोन वेळा ओल्या फडक्यावर भागवायचं, असं चाललं होतं. मंगळवारी पाहुणे आले आणि किल्ली परत गेली.

"पाच दिवस म्हणालात तुम्ही," घड्याळजी म्हणाले. "पत्रकात छान लिहिलं होतं. त्या पाच दिवसांत माणसाने जायचं कुठे, ते काही लिहिलं नव्हतं."

मी जिना उतरून खाली गेले.

मिस्त्री खाली कट्ट्यावर बसलेला सापडला. मला पाहून उभा राहिला. मी त्याच्यावर तोंड सोडलं. फोटो दुसऱ्या घराचा पाठवलास, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोललास, खालच्या बाईच्या डोक्यात छत पडलं असतं, दोन मिनिटांचा फरक होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही काम थांबवलं असतं, ताई."

"थांबवलंच असतं."

"मग त्या बाईने कुठे जायचं?" तो म्हणाला. "मी मंगळवारी सकाळी ब्रश मारत होतो आणि आत त्या रडत होत्या. मला वाटलं लेप धरेल. चूक माझी आहे. ती मी घेतो. पण कारण मीटिंगमध्ये सांगणार नाही, त्यांना शब्द दिलाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन दिवस मी नळवाला, दुकानदार, मिस्त्री सगळ्यांना उलटंपालटं करून पाहिलं. ज्या घरांत एकच बाथरूम आहे अशा इमारतीला पाच दिवस कुलूप लावणारी पद्धत निवडली होती मी. चादर त्याच दिवशी टाइलखाली गेली असती. मला जोड आवडत नाहीत म्हणून मी ती नाकारली होती आणि एकाही घरात जाऊन विचारलं नव्हतं की तुमच्याकडे कोण राहतं. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या.

आता रविवार उरला होता. खरं कारण सांगितलं तर बाईंची अब्रू जिन्यात येणार. नाही सांगितलं तर मिस्त्री चोर ठरणार.

६

मीटिंग पार्किंगमध्ये झाली. सेक्रेटरींनी ठराव आधीच टाइप करून आणला होता. मी म्हटलं, आधी मी बोलते.

उचकटलेली टाइल टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना निळा हात बोटाने सोलून पाहायला लावला. माल पूर्ण आहे, चोरी झालेली नाही, हे नळवाल्यानेही मान हलवून मान्य केलं. लेपाला वाळायला वेळ मिळाला नाही, हेही सांगितलं. मग सेक्रेटरींनी अपेक्षित प्रश्न विचारला: वेळ का मिळाला नाही?

"कारण पद्धत चुकीची निवडली," मी म्हटलं. "एक बाथरूम असलेलं घर पाच दिवस बंद राहू शकत नाही. कुठलंच घर. तुमच्या घरी करून बघा. ती निवड माझी होती. चाचणीचा फोटो दुसऱ्या घराचा होता, तो न बघता मी सही केली. तीही माझीच."

मिस्त्री मागून म्हणाला की फोटो आपण पाठवला होता. मी त्याला खाली बसायची खूण केली, तो बसला नाही. कुणीतरी विचारलं की नेमकं त्याच घरात काय अडचण होती. मी सांगितलं की ते रिपोर्टमध्ये येणार नाही. सेक्रेटरी म्हणाले की मग रिपोर्ट अपुरा आहे. मी म्हटलं, असू दे.

बराच गोंधळ झाला. शेवटी असं ठरलं की उरलेली अठरा बाथरूमं मिस्त्रीच करेल, चादर लावून, आणि पाण्याची चाचणी कमिटीसमोर होईल. चौथ्या मजल्याचं काम पुन्हा करून देईपर्यंत मी राहायचं, त्यानंतर दुसरा इंजिनिअर. कुणी विरोध केला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वीस मिनिटं गाडीत नुसती बसून होते.

काचेवर टकटक झाली. मावशी होत्या, डायरी छातीशी धरून.

"दिवसातून तीनदा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी लिहितेय. ते पाणी कुणासाठी होतं?"

मी म्हटलं, मला सांगता येणार नाही.

त्या वळल्या आणि लिफ्टकडे गेल्या. त्यांनी तिसऱ्याऐवजी चौथ्या मजल्याचं बटण दाबलं, हे मला बाहेरच्या आकड्यांवरून दिसलं. वर काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही.

पुढच्या बुधवारी, मावशींच्या छताला खालून टेकू देऊन, चौथ्या मजल्याचं काम पुन्हा सुरू झालं. एक दिवस तोडायला, एक दिवस चादर आणि टाइल. मी तपासायला गेले तेव्हा घड्याळजींच्या घरात फक्त मिस्त्री होता. आतल्या खोलीचं दार सताड उघडं, पलंग रिकामा, चादर घडी केलेली. शॉवरखालची रबरी टोप्यांची खुर्चीही नव्हती. मिस्त्रीने मान न उचलता बोटाने खाली दाखवलं.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. दार मावशींनी उघडलं, बाह्या कोपरापर्यंत वर, हात ओले. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि घड्याळजी कुणाशी तरी हळू बोलत होते. मला आत बोलवावं असं त्यांना वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

टेबलावर डायरी उघडी होती. त्या दिवसाच्या पानावर तेच टाइप केल्यासारखं अक्षर होतं.

सकाळी नऊ, पाणी. आपल्याकडे.